रुग्णांच्या उपचारांच्या नोंदींवर क्लस्टरिंग : चार गट आले, पण ते खरेच आहेत का?

पानगळ

मंडळी, जरा मदत हवी आहे. माझ्याकडे रक्तदाबाच्या काही हजार रुग्णांच्या औषधं नेल्याच्या नोंदी आहेत, दोन वर्षांच्या. प्रत्येक नोंदीत तारीख, औषध आणि किती दिवसांचं दिलं एवढंच. काहींच्या तपासणीचे आकडेही आहेत, पण ते अधूनमधून. नावं-पत्ते आधीच काढलेले आहेत, त्यामुळे ती काळजी नको.

मी काय केलं : प्रत्येक रुग्णाची एक रांग, २४ महिन्यांचे २४ रकाने. ज्या महिन्यात औषध नेलं तिथे १, नाहीतर ०. मधल्या नोंदी हरवल्या असतील तिथे त्या रकान्याची सरासरी भरली. मग के-मीन्स, म्हणजे एकमेकांसारख्या रांगा आपण सांगू तेवढ्या गटांत वाटणारी क्लस्टरिंगची पद्धत. दोनपासून आठपर्यंत गट करून पाहिले, चारवर कोपर मोडल्यासारखं दिसलं, म्हणजे त्यापुढे गट वाढवून फारसा फायदा दिसेना. चार गटांचे सरासरी आलेख असे : कायम वर, कायम खाली, वरून खाली घसरणारा आणि खालून वर चढणारा.

वरिष्ठ एकदम खूश. त्यांना आता गटांना नावं द्यायची आहेत आणि 'कोणत्या गटातले जास्त वेळा इस्पितळात दाखल होतात' याचा तक्ता पी-व्हॅल्यूसकट (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) हवा आहे. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकते आहे. इतकं सुबक कसं काय आलं? चार बरोबर की पाच? के-मीन्स इथे चालतं का? आणि ज्यांनी औषध सोडलंच, त्यांचं काय करायचं?

उलटतपास

पाल बरोबर ठिकाणी चुकचुकते आहे.

वर, खाली, घसरता, चढता. हे चार आलेख एकावर एक काढले की मधे फुली पडते आणि दोन्ही बाजूंना समांतर रेषा राहतात. दारूच्या सेवनाच्या अभ्यासांत हेच चित्र पुन:पुन्हा येतं, हे शेर, जॅक्सन आणि स्टाइनली यांनी २०११ साली दाखवलं होतं. बोटांवर दोरा गुंफून जाळी करायचा खेळ असतो, त्याचंच नाव त्यांनी या चौकडीला दिलं. लोक वेगळे, वयं वेगळी, प्रश्न वेगळे, तरी चौकडी तीच. मग ती चौकडी माणसांत आहे की पद्धतीत, ही शंका येणारच.

कारण फार खोल नाही. तुमचे २४ रकाने एकमेकांशी बांधलेले आहेत. मार्चमध्ये औषध नेणारा बहुधा एप्रिलमध्येही नेतो. अशा विद्यात (म्हणजे डेटात) सगळ्यांत मोठा फरक असतो तो एकूण पातळीचा : कोण एकंदर जास्त नेतो, कोण कमी. दुसरा फरक उताराचा : सुरुवातीला जास्त की शेवटी जास्त. बाकीचे फरक यांच्यापुढे किरकोळ. के-मीन्सला चार तुकडे मागितले की ते याच दोन दिशांनी सुरी चालवतं. पातळीचे दोन आणि उताराचे दोन, झाले चार.

पडताळून बघायचं असेल तर खोटा विदा बनवा. एकच लोकसंख्या, गट अजिबात नाहीत. प्रत्येकाला पातळी आणि उतार घंटाकृती वक्रातून यदृच्छेने द्या, वर थोडा गोंगाट (यदृच्छ चढउतार) मिसळा आणि तुमचाच कोड जसाच्या तसा चालवा. हीच चौकडी आली, तर वरिष्ठांना दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवा.

आकडेमोड

+१. यात भर म्हणून बॉअर आणि करन यांचा २००३चा निबंध वाचाच. विदा एकाच लोकसंख्येतून आला असेल पण वक्र घंटाकृती नसून एका बाजूला कललेला असेल, तर ग्रोथ मिक्स्चर मॉडेल (विदा म्हणजे अनेक घंटाकृती गटांची सरमिसळ असं मानून गट शोधणारं) त्यातही दोन-तीन 'गट' शोधून देतं, असं त्यांनी दाखवलं. कललेला एक वक्र म्हणजे दोन घंटाकृतींची बेरीज, असा त्या मॉडेलचा समज होतो. बिचाऱ्याकडे दुसरा मार्गच नसतो. आणि औषध किती टक्के दिवस हाताशी होतं हा आकडा कललेलाच असतो, बरीच माणसं १०० टक्क्यांपाशी दाटलेली आणि शेपूट शून्यापर्यंत.

स्टेथोवाले

मी आकडेवाला नाही, दवाखान्यातला माणूस. पण पहिल्याच परिच्छेदात अडखळलो. 'ज्या महिन्यात नेलं तिथे १' म्हणजे काय? एकजण दर महिन्याला ३० दिवसांच्या गोळ्या नेतो, दुसरा तीन महिन्यांनी ९० दिवसांच्या. दोघंही रोज न चुकता गोळी घेतात. तुमच्या तक्त्यात पहिल्याची रांग १, १, १, १, १, १ आणि दुसऱ्याची १, ०, ०, १, ०, ०. तुमच्या लेखी दुसरा नियम मोडणारा ठरला! आणि जो आधी ९०च्या नेत होता आणि नंतर ३०च्यावर आला, तो 'चढता' दिसणार. चढत्या गटातल्या लोकांचं पाकीट आधी किती दिवसांचं होतं आणि नंतर किती झालं, हे काढून बघता का?

दुसरं. शून्याला एकच अर्थ नसतो. रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागला म्हणून मी औषध बंद करून टेल्मिसार्टन सुरू केलं, तर तो रुग्ण औषध सोडणारा नव्हे. अॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज आली, बदललं. वजन उतरलं, रक्तदाब खाली आला, डोस काढला, हेही होतं. रुग्ण इस्पितळात भरती असेल तर त्या दिवसांत औषध तिथलंच मिळतं, बाहेरून नेल्याची नोंद होत नाही. कोणी दुसऱ्या डॉक्टरकडे गेला. आणि कोणी वारला. या सगळ्यांना एकच ० देऊन मग 'घसरता गट' म्हणणं मला तरी पटत नाही.

पानगळ

डॉक्टर, पाकिटाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. दिवस पसरवून पुन्हा करते. एखाद्याने पहिलं संपायच्या आठवडाभर आधीच पुढचं नेलं तर? ते दिवस दोनदा मोजायचे नाहीत ना?

आकडेमोड

नाही. उरलेला साठा पुढे ढकलायचा. १ तारखेला ३० दिवसांचं नेलं आणि २४ तारखेलाच पुन्हा ३० नेलं, तर दुसऱ्याची सुरुवात ३१व्या दिवसापासून धरायची. मग प्रत्येक महिन्यात किती दिवस औषध हाताशी होतं ते भागिले महिन्याचे दिवस. यालाच लोक पीडीसी म्हणतात. ८० टक्क्यांच्या वर असेल तर 'नियमित' म्हणायची प्रथा आहे, ती निव्वळ सोय आहे, शरीर काही ७९ आणि ८१ असा भेद करत नाही. इस्पितळातले दिवस छेदातून काढा. औषध बदललं असेल तर एका औषधाचे नव्हे, रक्तदाबाच्या कुठल्याही औषधाचे दिवस मोजा, म्हणजे डॉक्टरांचा खोकलावाला रुग्ण सुखरूप राहील.

आणि रकान्याची सरासरी भरणं आजच्या आज थांबवा. वारलेल्या माणसाच्या पुढच्या नोंदी हरवलेल्या समजल्या गेल्या, तर त्या महिन्यांत जिवंत लोकांची सरासरी भरली जाईल.

तिरका_चौकोन

मला एक कळत नाही, इतकी चर्चा कशाला? मिक्स्चर मॉडेल बसवा, बीआयसी (मॉडेल किती चपखल बसलं आणि किती गुंतागुंतीचं आहे याचा एकत्रित आकडा) सर्वांत कमी कुठे येतो ते बघा, तेवढे गट. श्वार्त्झने १९७८ सालीच सोय करून ठेवली आहे. विषय संपला.

उलटतपास

संपला असता तर बरं झालं असतं. काही हजार रुग्णांवर बीआयसी लावून बघा. चार, पाच, सहा, सात, खालीच जात राहतो. खरा विदा कधीच मॉडेलच्या गृहीतकांत तंतोतंत बसत नाही आणि रुग्ण वाढतील तसा तो न बसणारा बारकावा पकडायला मॉडेलला जास्त गट परवडतात. शेवटी लोक 'सर्वांत लहान गटात निदान पाच टक्के तरी हवेत' असा काहीतरी नियम लावून थांबतात. म्हणजे थांबवलं माणसानेच, नाव बीआयसीचं.

त्यापेक्षा टिकाऊपणा तपासा. त्याच रुग्णांतून पुन:पुन्हा नमुने काढा, प्रत्येक वेळी गट पाडा आणि मूळच्या प्रत्येक गटाचा नव्या गटांशी जकार्ड निर्देशांक काढा, म्हणजे दोन्ही गटांत सामाईक असलेले भागिले दोन्हींतले मिळून एकूण. आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत एफपीसी पॅकेजात हेनिगचं क्लस्टरबूट आहे, तेच काम करतं. ०.७५च्या वर असेल तर गट टिकतो म्हणायला हरकत नाही, ०.६च्या खाली असेल तर विसरा. यातली गंमत अशी की एकूण गुण चांगले असले तरी एखादाच गट डळमळीत निघतो. माझा अंदाज, तुमचा 'चढता'च निघेल.

अर्थात टिकला म्हणजे खरा ठरला असं नाही. गोल ढिगाऱ्याचे चार तुकडेही कधीकधी दरवेळी तसेच पडतात. टिकला नाही तर मात्र नक्कीच खोटा.

कुंपणावरचा

पद्धतींबद्दल कुणी सविस्तर लिहिणार का? केएमएल, ट्रॅजेक्टरी, सिक्वेन्स, डीटीडब्ल्यू असं बरंच वाचलं आणि डोकं बधिर झालं.

आकडेमोड

लिहितो. मोठा प्रतिसाद होईल, चहा घेऊन बसा.

आधी ठरवायचं की दोन रुग्ण 'सारखे' कधी म्हणायचे. पॅकेज त्यानंतर निवडायचं. लोक नेमकं उलटं करतात.

महिन्यागणिक आकडा महत्त्वाचा असेल, म्हणजे पाचव्या महिन्यातली घसरण आणि दहाव्या महिन्यातली घसरण या तुमच्या लेखी वेगळ्या गोष्टी असतील, तर केएमएल पुरे. ते म्हणजे रांगांवरचं के-मीन्सच, फक्त अनेकदा वेगवेगळ्या सुरुवातीपासून चालवतं आणि गाळलेल्या जागा असलेल्या रांगाही चालवून घेतं.

नेगिनचं गटाधारित ट्रॅजेक्टरी मॉडेल, १९९९ सालच्या निबंधातलं, प्रत्येक गटाला काळाचा एक वक्र देतं आणि गटातल्या माणसांत त्या वक्राभोवती फक्त गोंगाट आहे असं मानतं. औषधं नियमित घेण्याच्या अभ्यासात ते २०१३च्या सुमारास रुळलं, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) घेणाऱ्यांवरचा फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांचा 'मेडिकल केअर'मधला निबंध बघा. एकाच पीडीसीत दोन अगदी वेगळी माणसं दडतात, हा त्यामागचा मुद्दा मला पटतो. वर्षभर एक दिवसाआड घेणारा आणि सहा महिने रोज घेऊन मग कायमचा सोडणारा, दोघांचाही पीडीसी पन्नासच.

ग्रोथ मिक्स्चर गटाच्या आतही माणसामाणसांत फरक असू देतं. आरमध्ये एलसीएमएम. अधूनमधून मोजलेल्या रक्तदाबासाठी हे बरं, कारण सगळ्यांची मोजणी एकाच दिवशी असायची गरज नाही. पण चालायला वेळ खातं आणि कधीकधी चुकीच्या खळग्यात जाऊन बसतं, म्हणजे सर्वोत्तम नसलेल्या उत्तरावरच अडकतं. वेगवेगळ्या सुरुवाती द्याव्याच लागतात.

आता सिक्वेन्स. कोणत्या औषधावरून कोणत्या औषधावर गेला हा प्रश्न असेल तर आकडे सोडा, अवस्था घ्या : एक औषध, दोन औषधं, तीन, थांबलेला, भरती, मृत. अँड्र्यू अॅबट यांनी ऑप्टिमल मॅचिंग समाजशास्त्रात आणलं, ट्रामाइनआर पॅकेजात ते आहे. एका रांगेची दुसरी करायला किती खोडावं, घालावं, बदलावं लागतं त्याची किंमत म्हणजे अंतर.

उदाहरण घेऊ. बारा महिने. 'अ'ने ४, ५, ६ या महिन्यांत औषध थांबवलं, मग पुन्हा सुरू. 'ब'ने ६, ७, ८ या महिन्यांत. 'क'ने कधीच थांबवलं नाही. महिन्याला महिना लावून पाहिलं तर अ आणि ब यांत चार ठिकाणी फरक (४, ५, ७, ८), अ आणि क यांत तीनच ठिकाणी. म्हणजे तीन महिन्यांची सुट्टी घेतलेला अ हा तशीच सुट्टी घेतलेल्या ब पेक्षा कधीच न थांबलेल्या क ला जवळचा! ऑप्टिमल मॅचिंगमध्ये खोडणं-घालणं प्रत्येकी १ आणि बदलणं २ धरा. अ वरून ब ला जायला पुढे दोन महिने घालायचे, मागचे दोन खोडायचे, किंमत ४. अ वरून क ला जायला ६. इथे अ आणि ब शेजारी आले. कोणतं बरोबर? तुमचा प्रश्न काय आहे त्यावर.

डीटीडब्ल्यू (डायनॅमिक टाइम वॉर्पिंग, म्हणजे काळ ताणून-आवळून दोन रांगा जुळवणं) मी इथे वापरणार नाही. साकोए आणि चिबा यांनी १९७८ साली ते बोलणं ओळखण्यासाठी मांडलं, तिथे शब्द हळू बोलला की भरभर याने फरक पडत नाही. इथे पडतो. एक महिना औषध थांबवणं आणि आठ महिने थांबवणं, डीटीडब्ल्यू दोन्ही ताणून सारखंच करून टाकेल. खिडकी घालून ताण आवरता येतो, पण मग सरळ सिक्वेन्सच का नको?

कुंपणावरचा

अ-ब-क वाचून एकदम ट्यूब पेटली. वाचनखूण साठवली.

तिरका_चौकोन

मग मी आता उलट बाजूने बोलतो. गट हवेतच कशाला? मधुमेहाचं बघा. आल्क्विस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली स्वीडनमधल्या नव्याने निदान झालेल्या ८,९८० रुग्णांवर सहा मापं घेऊन पाच गट काढले, बराच गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी डेनिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला निदानाच्या वेळचं वय, मूत्रपिंडाचं काम असे साधे आकडे थेट मॉडेलमध्ये घातले की ते गटांइतकं किंवा गटांपेक्षा चांगलं काम करतात. गट पाडणं म्हणजे हातातली माहिती फेकून देणं.

उलटतपास

अंदाजापुरतं शंभर टक्के मान्य. पण गट वर्णनासाठीही असतात. २५ कोटी रुग्णांच्या नोंदी, ११ विदास्रोत, चार देश, असा हृप्साक आणि मंडळींचा २०१६चा अभ्यास आहे. मधुमेह आणि नैराश्य यांत सुमारे १० टक्के रुग्णांचा आणि रक्तदाबात जवळपास २५ टक्के रुग्णांचा औषधांचा क्रम असा निघाला की तसा क्रम त्यांच्या विदास्रोतात दुसऱ्या कुणाचाच नव्हता. चारांतला एक माणूस एकमेव! एवढ्या पसाऱ्यावर नजर टाकायची तर कुठेतरी घड्या घालाव्याच लागतात. घडी घातली म्हणजे कापडाला शिवण होती असं म्हणू नये, इतकंच.

स्टेथोवाले

अवांतर : तपासणीचे आकडे अधूनमधून आहेत असं पानगळताई म्हणाल्या. ते 'अधूनमधून' योगायोगाने नसतं. ज्याची काळजी वाटते त्याला मी लवकर बोलावतो, ठीक असलेल्याला सहा महिन्यांनी ये म्हणतो. २०१८ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात दोन मोठ्या इस्पितळांच्या नोंदींवरचा अभ्यास आला होता. ज्या १७४ चाचण्यांत तुलना करता आली त्यांतल्या ११८ मध्ये रुग्ण जगेल की नाही हे चाचणीच्या निकालापेक्षा चाचणी कधी सांगितली गेली यावरून जास्त अचूक कळत होतं. मधली रिकामी जागाही काहीतरी सांगत असते.

आकडेमोड

डॉक्टर, हे अवांतर नाही हो, मुख्यच आहे.

आता तो इस्पितळाचा तक्ता. पानगळ, तुम्ही २४ महिन्यांच्या वागणुकीवरून गट पाडले आणि त्याच २४ महिन्यांतल्या भरत्या मोजल्या तर घोळ होईल. 'कायम नियमित' गटात जायला मुळात २४ महिने जगावं लागतं. जो आठव्या महिन्यात वारला त्याच्या रांगेत पुढे शून्यं, तो आपोआप 'घसरता'. मग तक्ता म्हणणार, घसरत्या गटात मृत्यू जास्त. मृत्यूनेच गट ठरवला आणि वर गटाने मृत्यू ओढवला असा निष्कर्ष!

मधे रेघ मारा. पहिल्या १२ महिन्यांवरून गट, १२व्या महिन्याअखेर हयात आणि नोंदीत असलेलेच घ्या, भरत्या १३व्या महिन्यापासून मोजा. आणि महिना पहिला म्हणजे कॅलेंडरचा पहिला नव्हे, त्या रुग्णाने औषध सुरू केलं तो. आधीपासूनच वर्षानुवर्षं घेणारे वेगळे काढा. ते टिकलेलेच लोक असतात, त्यांना नवशिक्यांत मिसळलं की नियमित गट फुगतो.

पी-व्हॅल्यूबद्दल : ज्या रकान्यांवरून गट पाडले त्याच रकान्यांत गटागटांत फरक आहे का हे तपासू नका. वेगळे दिसावेत म्हणूनच तर तुकडे पाडले. बिनगटाच्या खोट्या विद्यातही ती पी-व्हॅल्यू शून्याला भिडेल. १३व्या महिन्यानंतरच्या भरतीवर चाचणी लावायला हरकत नाही.

पानगळ

सगळं पुन्हा केलं. दिवस पसरवले, साठा पुढे ढकलला, नवीन सुरू करणारेच घेतले, शून्य महिना प्रत्येकाचा वेगळा, वर्षावर रेघ.

'चढता' गट गायब. स्टेथोवाल्यांनी सांगितलं तसं आधीच्या निकालात तपासलं, त्यातले बहुतेक ९०च्या पाकिटावरून ३०च्यावर आलेलेच होते. आता केएमएलमध्ये तीन गट टिकतात : नियमित, पहिल्या काही महिन्यांतच थांबलेले आणि मधे मोठी सुट्टी घेऊन परतलेले. तिसरा मात्र जकार्डवर काठावर आहे. तेच सिक्वेन्सने केलं की तिसरा बराच घट्ट होतो, अ-ब-क वाल्या कारणानेच असणार. उलटतपास यांचा खोटा विदाही चालवला, त्यात जुनी चौकडी हुबेहूब आली. शेजारी-शेजारी चित्रं बघून वरिष्ठ बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता नावांचा वाद. थांबलेल्यांना ते 'बेफिकीर' म्हणू पाहतात.

स्टेथोवाले

कृपा करून नको. असं नाव एकदा का नोंदीत शिरलं की पुढचा डॉक्टर रुग्णाला बघायच्या आधी शिक्का बघतो. त्यांतल्या कितीजणांना चक्कर येत होती, कितीजणांना मीच थांबवायला सांगितलं होतं, हे तुमच्या विद्यात नाही. 'सहा महिन्यांच्या आत नोंदी थांबलेले' असं लिहा. लांबलचक आहे, पण जेवढं माहीत आहे तेवढंच त्यात आहे.

उलटतपास

आणि प्रत्येकाला एकाच गटात कोंबू नका. मॉडेल वापरलं तर प्रत्येक रुग्णाची प्रत्येक गटात असण्याची संभाव्यता मिळते. गटात टाकलेल्यांच्या त्या संभाव्यतेची सरासरी ०.७च्या वर असावी असा नेगिनचा ढोबळ नियम आहे, पण सरासरी चांगली असूनही ०.५२ आणि ०.४८ वाले निघतात. पुढच्या तक्त्यात त्यांना पूर्ण एक माणूस म्हणून मोजलं की गटांमधला फरक पुसट होतो. संभाव्यता वजन म्हणून वापरा किंवा निदान ही अनिश्चितता धरणारी तीन टप्प्यांची पद्धत लावा.

पानगळ

शेवटचा प्रश्न. आज औषध सुरू केलेला नवा रुग्ण आला तर तीन महिन्यांनंतर तो कोणत्या गटात जाईल हे सांगता येईल का? वरिष्ठांना खरं तर तेच हवं आहे, म्हणजे फोन कुणाला करायचा ते ठरवता येईल.

आकडेमोड

मॉडेल असेल तर तीन महिन्यांच्या आकड्यांवरूनही संभाव्यता काढता येते, केएमएलमध्ये ती सोय सरळ नाही. पण तीन महिन्यांत 'थांबलेला' आणि 'सुट्टीवर गेलेला' अगदी सारखे दिसतात, परतणं अजून घडलेलंच नसतं. तेव्हा इथे तिरक्या चौकोनांचं ऐका. गट बाजूला ठेवा. पहिल्या तीन महिन्यांतले औषध हाताशी असलेले दिवस, पाकीट किती दिवसांचं, औषध बदललं का आणि वय, एवढ्यावर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही प्रश्नाच्या उत्तराची संभाव्यता काढणारं मॉडेल), परिणाम म्हणजे सहाव्या महिन्यात औषध हाताशी आहे की नाही. काही रुग्ण आधीच बाजूला काढून त्यांच्यावर तपासा, सुरू केल्याच्या तारखेनुसार नंतरचे घेतलेत तर उत्तम.

तिरका_चौकोन

स्क्रीनशॉट घेऊन ठेवला आहे :))

पानगळ

नंतरच्या तारखांचे वेगळे काढते. त्यात शेवटचे सहा महिने पूर्ण न झालेले वगळावे लागतील ना?

आकडेमोड

हो, नाहीतर ते सगळे 'थांबलेले' मोजले जातील. नोंदी जिथे संपतात त्याच्या सहा महिने आधीपर्यंत सुरू केलेलेच घ्या. शिवाय शेवटच्या आठवड्यांच्या नोंदी उशिरा चढतात का तेही विचारून घ्या. तसं असेल तर रेघ आणखी मागे न्यावी लागेल.